वाकड्या रेघा आणि हवेचं घड्याळ

३ ऑक्टोबर

डोळ्यांच्या वॉर्डाच्या माजी सर्वाधिकारिणी, म्हणजे आमची ताई, हिच्या चरणी धाकट्या भावाचा दंडवत.

आधी तक्रार, मग क्षेमकुशल. तुझी गेली तीन पत्रं समोर मांडून बसलो आहे आणि अत्यंत खेदानं नमूद करतो की तुझ्या ओळी वाकड्या येतात. ओळ डावीकडून शहाण्यासारखी निघते, मध्यावर आली की पोटात कळ आल्यासारखी वाकते आणि उजव्या टोकाला जाऊन पुन्हा ताठ उभी राहते. ज्या बाईनं एकतीस वर्षं चादरींचे कोपरे काटकोनात दुमडून घेतले, जिच्या धाकानं शिकाऊ पोरी टोपीची पिनसुद्धा दोनदा आरशात बघून लावायच्या, तिनं असं लिहावं? सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या छापील चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला हा शारीरिक त्रास आहे. हाताला कंप सुटला असेल तर सांग, सहानुभूती पाठवतो. आळस असेल तर सुधार.

आता तुझी चौतीस कलमी यादी. वादळाचा हंगाम दरवर्षी येतो, पण तुझी यादी आली की तो आल्याची आमची खात्री पटते. कलम एक ते नऊ, पाणी: घरातलं प्रत्येक भांडं घासून तयार आहे. आईनं फुलदाणीही सोडलेली नाही. कलम सतरा, काडेपेट्या बरणीत: झालं. कलम बावीस, महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत: इथे मतभेद आहे. मी शब्दकोशाची मुद्रितं महत्त्वाची मानतो, तुझी भावजय घराची कागदपत्रं. पिशवी एकच आहे. बघू कोण आधी पोचतं.

खिडक्यांसाठी प्लायवूडच्या अकरा फळ्या सुतारानं कापून आणल्या. सगळ्या वाकड्या. मी तसं म्हणालो तर म्हणाला, "पंडित, कुठे वाकडी आहे ते बोट ठेवून दाखवा." मी ठेवलं. त्यानं तिथे काटकोन तपासायचा गुण्या लावला, तो चपखल बसला. मी म्हटलं, गुण्याही वाकडा असेल. त्यावर तो म्हणाला, "मग खिडकीही वाकडी आहे म्हणायची, कारण फळी तिच्यात फिट बसलीय." हल्ली कारागिरांना तर्कशास्त्र कुणीतरी शिकवतं आहे. हे थांबलं पाहिजे.

आई मजेत. दुपारी ती विणत बसते आणि मी तिला ती जाडी कादंबरी वाचून दाखवतो, जिच्यातला खलाशी बायकोला सोडून समुद्रावर गेला आहे. तिला गोष्ट फार आवडली आहे. मलाही आवडू लागली आहे.

तुझा,
पंडित

*

७ ऑक्टोबर

पंडित,

मी रेघांच्या वहीच्या कागदावर लिहिते. निळ्या रेघा आहेत, छापलेल्या. मी त्यांच्यावरच लिहिते. पुन्हा नीट बघ.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे, अलंकार नकोत. फळ्या वाकड्या दिसतात त्या मध्येच की कडेलाही? दाराची चौकट कशी दिसते? छापखान्यातून येणारे कागद हल्ली मोठ्या टाइपात मागवतोस का? तुझा चष्मा बदलून किती दिवस झाले? "गेल्या वर्षी" असं उत्तर तू गेल्या वर्षीही दिलं होतंस.

सोबत बारीक चौकटींचा कागद पाठवते आहे. मधोमध काळा ठिपका आहे. हातभर अंतरावर धर, एक डोळा झाक, ठिपक्याकडे बघ. मग दुसरा झाक. काय दिसलं ते लिही. का, ते विचारू नकोस. मी तुला का ते कधी सांगितलंय?

यादीतलं कलम चौतीस तू गाळलंस. वाचलंच नसल्यासारखं केलंस. पुन्हा लिहिते: आईला इकडे पाठव. समुद्र माझ्या दारापासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे. खोली तयार आहे, खिडकीशी खुर्ची ठेवली आहे, लोकरही आणून ठेवली आहे. तुझं घर पक्कं आहे हे मला माहीत आहे. पण तिला आता जिने पळत चढता येत नाहीत हेही मला माहीत आहे.

तुम्ही दोघांनीही या. पण तू येणार नाहीस. तू म्हणशील, मुद्रितं आहेत.

ताई

ता. क. मला फोन करू नकोस. फोनवर तू उत्तरं देत नाहीस, भाषण करतोस. कागदावर निदान मला पान उलटता येतं.

*

११ ऑक्टोबर

ताई, प्रश्नांच्या महाराणी,

तुझं पत्र वाचून मी उठलो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे असं वाटून पुन्हा बसलो. रेघा बघितल्या. निळ्या आहेत हे मान्य. त्या सरळ आहेत हे मात्र छापणाऱ्यानं सिद्ध करायचं आहे. चष्मा गेल्या वर्षीचा आहे.

चौकटींच्या कागदाबद्दल आभार. असा कागद हवाच होता. खिडक्यांचा नकाशा काढून कोणती फळी कुठे बसते ते त्यावर लिहिलं आणि सुताराच्या हवाली केलं. तुझा ठिपका नेमका न्हाणीघराच्या खिडकीवर आला.

बातमी अशी की वादळ खरंच निघालं आहे. रेडिओवरच्या बाई त्याचं नाव इतक्या लाडानं घेतात की एखादी भाची सुट्टीला येते आहे असं वाटावं. अजून फार लांब आहे, वळेल असंही म्हणतात. कलम दहा ते सोळा आज पार पडली. शेजारचा पाववाला आला होता. त्याच्या दुकानावरची भली मोठी पाटी तो उतरवायला तयार नाही. म्हणतो, "पाटी उतरवली तर गिऱ्हाइकाला कळणार कसं?" मी म्हटलं, अहो, वीस वर्षं वासावर चालतंय तुमचं दुकान. खूश झाला, पण पाटी तिथेच आहे.

आई येत नाही म्हणते. तिचे शब्द जसेच्या तसे देतो: "मी गेले की हा माझ्या खोलीत पुस्तकं भरील." आरोप खोटा आहे, पण कल्पना चांगली आहे. तरी तू काळजी करू नकोस, बाबांचा नियम आम्ही मोडणार नाही. भिंतीवरचा वायुभारमापक, ज्याला आई अजून हवेचं घड्याळ म्हणते, त्यावर माझी नजर आहे. तुला आठवत असेल: त्याला दोन काटे. पितळी काटा आपण हातानं लावून ठेवायचा, काल हवा कुठे होती त्याची खूण म्हणून. काळा काटा स्वतःचा स्वतः फिरतो. काळा पितळीला सोडून खाली घसरू लागला की सामान उचलायचं आणि टेकडीवरच्या शाळेत जायचं. आईला आत्ता धरून नेलं तर पंधरा मिनिटं. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी बघतो आणि गल्लीत सांगतो. सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघून असते. वायुभारमापकापुढे शब्दकोश फिका आहे, हे मला या वयात कळलं.

आज काटा तसूभरही हललेला नाही.

कादंबरीतला खलाशी परत आला. बंदरावर उतरून पहिल्यांदा त्यानं काय केलं असेल? पाव खाल्ला. आई म्हणाली, "शहाणा आहे."

तुझा,
पंडित

*

(उघडं कार्ड)

१४ ऑक्टोबर

पंडित,

मुद्दाम कार्डावर लिहिते आहे. पोस्टात शिक्का मारताना तुझी बायको वाचील, वाचू दे. वाच गं.

सरळ रेघ मध्येच वाकडी दिसते, तेव्हा खोट कागदात नसते, डोळ्याच्या पडद्यात असते. मी हे वाक्य वॉर्डात हजार वेळा ऐकलंय, "सिस्टर, दार वाकडं बसवलंय का?" यावर उपाय आहे, पण त्याला उशीर चालत नाही. आठवड्यांचा प्रश्न असतो.

तोवर एकच: ते हवेचं घड्याळ तू वाचू नकोस. दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांग. आज.

ताई

*

२१ ऑक्टोबर

ताई,

आम्ही तिघं जिवंत आहोत, कोरडे आहोत, आणि आमच्याकडे अठ्ठावन्न पाव आहेत. फोनचे खांब आडवे पडले आहेत, पण डाक काल सुरू झाली. तुझ्या भावजयीनं पहिली थैली स्वतः बांधली, त्यात हे पत्र सर्वांत वर आहे. ओळखीचा फायदा घेतल्याबद्दल तिनं स्वतःलाच ताकीद दिली आहे.

तर वृत्तान्त. सतरा तारखेला सकाळी मी वायुभारमापक पाहिला. काटा स्थिर. रेडिओ काही वेगळंच सांगत होता, पण रेडिओला आमच्या गल्लीची हवा काय ठाऊक? मी तसं जाहीर केलं. आईनं "मग शाळेत जाऊन बाकावर कशाला बसायचं" म्हणून लोकर काढली. पाववाल्यानं निश्चिंत होऊन भट्टी पेटवली आणि आदल्या दिवशी केला नव्हता तो माल धरून दुप्पट पाव लावले.

साडेअकराला तुझी भावजय पोस्टातून धावत आली. ती धावू शकते हे मला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर कळलं. ती थेट भिंतीपाशी गेली, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाली, "तळाला गेलाय." यंत्रानं ऐन वेळी दगा दिला, दुसरं काय. आम्ही आईला दोन्हीकडून धरून बाहेर काढलं, तर शाळेच्या चढावर झाड आडवं पडलेलं आणि पाऊस आडवा लागलेला. परत फिरलो.

पुढचे सहा तास मधल्या पॅसेजमध्ये. खिडकी नाही, चारी बाजूंना भिंती, दाराला गादी टेकवलेली (कलम एकोणतीस, तुझा विजय असो). आई खुर्चीत, आम्ही दोघं जमिनीवर, मध्ये पाण्याची फुलदाणी. आवाज कसा होता ते मी लिहिणार नाही. माझ्याजवळ शब्द आहेत, पण ते सगळे हळू आवाजाचे आहेत. कौलं उडत होती ती आम्ही मोजत होतो. एकवीसनंतर आई म्हणाली, "आता मोजू नका, त्या वाऱ्यालाही थोडी लाज वाटू दे."

मध्ये अर्धा तास सगळं एकदम थांबलं. गादी सारून दार किलकिलं केलं तर उन्हाची तिरीपसुद्धा आली. तेवढ्यात पाववाला दुकानाच्या कट्ट्याखालून बाहेर आला आणि पिठानं पांढरा झालेला रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, "अहो पंडित, आता काटा काय म्हणतो?" तुझ्या भावजयीनं त्याला असं काही उत्तर दिलं की तो परत कट्ट्याखाली गेला. बरं झालं गेला. पाच मिनिटांत वारा उलट्या बाजूनं आला आणि त्याची पाटी आमच्या अंगणात. ती अजून तिथेच आहे, त्यामुळे लोक आमच्याकडे पाव मागायला येतात. आणि पाव आहेतही, दुकानाचं छप्पर गेलं म्हणून त्यानं उरलेला सगळा माल आमच्याकडेच आणून ठेवला! गल्लीनं तीन दिवस तेच खाल्ले. पाववाला म्हणतो, पंडित चुकला म्हणून जेवलो.

अकरापैकी एकही फळी हलली नाही. सुताराच्या गुण्याची मी जाहीर माफी मागितली आहे.

तुझं कार्ड मिळालं, पण पावसात भिजून शाई फुटली होती. वाचता आलं नाही. महत्त्वाचं काही असेल तर पुन्हा लिही.

तुझा,
पंडित

*

२२ ऑक्टोबर

बाळे,

मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. मी म्हणेन तसंच लिहायचं, मध्ये घालायचं नाही, असं ठरलं आहे.

तुझं कार्ड कोरडं ठणठणीत आहे. सूनबाईनं पोस्टाच्या पिशवीतून छातीशी धरून आणलं. तिनं ते त्याला वाचून दाखवलं, वादळात, पॅसेजमध्ये, सगळं. मग त्यानं ते मागून घेऊन खिशात घातलं.

यंत्रानं दगा वगैरे काही दिला नाही. तो आठवडाभर पितळेचाच काटा वाचत होता. काळा त्याला दिसतच नव्हता. पितळेचा आपण लावू तिथेच राहणार, तो कुठला हलतोय!

(वन्सं, मला हे आठवडाभर कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पोस्टात इतकी गर्दी होती. — लेखनिक)

मध्ये घातलंसच. असू दे. तिचा काही दोष नाही, उलट ती वर्षभर पहाटे उठून त्याची मुद्रितं पुन्हा वाचते आणि राहिलेल्या चुका त्याच्यासारख्या खुणांनी दुरुस्त करून ठेवते. त्याला वाटतं छापखान्यात त्याचंच नाव आहे. आहेच म्हणा.

आता मुख्य ते ऐक. पॅसेजमध्ये मी म्हटलं, वाच रे कादंबरी, नाही तर त्या वाऱ्याचंच ऐकत बसावं लागेल. त्यानं पुस्तक उघडलं, सूनबाईनं बॅटरी धरली. खलाशी आणि त्याची बायको आता पाव भाजायचं दुकान काढतात असा भाग चालला होता. वाचता वाचता बॅटरी मिणमिणली आणि विझली. काळोख असा की मला माझ्या सुया दिसेनात. आणि हा वाचतोय! पान उलटल्याचा आवाजसुद्धा केला त्यानं. छान चाललं होतं, त्यांच्या भट्टीला पहिल्याच दिवशी धूर लागला, शेजारी भांडायला आले. मी आठ-दहा वाक्यं ऐकली. मग म्हटलं, "बाळा, बॅटरी मघाशीच गेली."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

मला तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. तो बाजारात गेला असताना मी पुस्तक काढून पाहिलं. पुस्तकात खलाशी बाराव्या प्रकरणात बुडतो. चांगला माणूस, उगाच बुडवलाय. याच्या गोष्टीत तो परत येतो, आपल्या पाववाल्यासारखा बोलतो, बायकोला घाबरतो. मला याचीच गोष्ट पुढे ऐकायची होती म्हणून मी गप्प राहिले. हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू मला फसवलंस." मी म्हटलं, "आपण दोघांनी त्या पुस्तकाला फसवलं. पुढे सांग." मग त्यानं वादळ संपेपर्यंत सांगितलं.

तू त्याला रागावू नकोस. फार झालं तर थोडं रागाव.

मी तुझ्याकडे यायला तयार आहे, पण त्याला घेऊनच. तो मला सोडायला म्हणून येईल. नाही तर येणार नाही.

आई

*

२६ ऑक्टोबर

पंडित,

कार्ड भिजलं नव्हतं. पुढे चल.

गुरुवारी सकाळची गाडी धर, शुक्रवारी संध्याकाळी इथे पोचशील. शनिवारी साडेनवाला डॉक्टरीणबाईंनी वेळ दिली आहे. त्या शिकाऊ होत्या तेव्हा मी त्यांना हात नीट न धुतल्याबद्दल ओरडले होते, त्यामुळे माझा शब्द मोडत नाहीत. इंजेक्शन देतात. हो, डोळ्यात. ऐकायला वाईट, लागायला मुंगी चावल्यासारखं. सगळे आधी किंचाळतात आणि नंतर विचारतात, "झालं?"

तुला खोटं सांगत नाही. मला तुझ्या डोळ्यांतलं काही दिसलेलं नाही, फक्त तुझी पत्रं दिसली आहेत. एक डोळा बराच पुढे गेलेला असू शकतो आणि गेलेलं सगळं परत येत नाही. पण राहिलेलं वाचवता येतं. म्हणून गुरुवार. पुढचा गुरुवार नाही.

चौकटींचा दुसरा कागद सोबत आहे. या वेळी त्यावर घर काढायचं नाही. बघायचं, आणि काय दिसलं ते खरं लिहायचं. वादळाचा डोळा आणि तुझा डोळा यावर कोटी केलीस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

छतावरची कौलं सुतार बसवील. तुझ्याशिवाय चांगली बसतील.

ताई

*

२९ ऑक्टोबर

ताई,

अक्षर मोठं आहे, माफ कर. एका पानावर नऊ ओळी बसतात. तुझ्या भावजयीनं तपासायला हात पुढे केला होता, मी म्हटलं, हे एक पत्र माझ्या चुकांसकट जाऊ दे. तिची पहाटेची कामगिरी मला आईच्या पत्रामुळे कळली. मी तिला विचारलं, एकूण किती चुका सापडल्या? म्हणाली, "पोस्टातले आकडे बाहेर सांगत नाहीत." मी सव्वीस वर्षांत इतकं चांगलं मुद्रितशोधन पाहिलेलं नाही. एकदाही माझ्या लक्षात आलं नाही की खुणा माझ्या नाहीत.

पाववाल्याकडे जाऊन आलो. त्याला सगळं सांगितलं, पितळी काटा, काळा काटा, सगळं. माझ्या शब्दावर तो पाच तास कट्ट्याखाली पडून होता आणि वरचं छप्पर गेलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हाला दिसत नव्हतं, आणि आम्ही सगळे डोळे असून तुमच्या तोंडाकडे बघत होतो." मग म्हणाला, गाडीत खायला पाव देतो, आणि या वेळी किती ते तुम्ही मोजू नका. भिंतीवरचं घड्याळ मी काढून त्याच्या दुकानात लावलं आहे. गल्लीची हवा आता त्याच्या ताब्यात.

आई सामान बांधून तयार आहे. "मी याला सोडायला चालले आहे" असं ती सगळ्यांना सांगते. तुझी भावजय रजेच्या अर्जावर "कारण" या रकान्यात काय लिहावं म्हणून विचारत होती. मी म्हटलं, लिही, पती नेणे.

कागद भिंतीवर लावला आणि बघितला. उजवा डोळा झाकला तेव्हा ठिपका दिसला नाही. ठिपक्याच्या जागी करडं काहीतरी आहे, बोट बुडवून काढल्यावर पाणी गढूळ व्हावं तसं, आणि ते मी बघेन तिथे येतं. डावा झाकला तेव्हा ठिपका दिसला, पण त्याच्या खालच्या दोन-तीन चौकटी आत ओढल्यासारख्या झाल्या आहेत. दाराची चौकटही तशीच दिसते. खिडकीही. तू जूनमध्ये पाठवलेल्या पत्रातसुद्धा ओळी तशाच होत्या, तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्या हाताला कंप सुटला असेल असं स्वतःला सांगणं सोपं होतं.

गुरुवारच्या गाडीनं आम्ही तिघं निघतो. मी कोटी केलेली नाही, याची नोंद घ्यावी.

कादंबरी बरोबर घेतली आहे. आईला माझा खलाशी हवा आहे, तो मी तिला सांगत राहीन, त्याला डोळे लागत नाहीत. पण मला ते बारावं प्रकरण स्वतः वाचायचं आहे. त्यात तो बुडतो तर बुडू दे. मला ते छापलेलं बघायचं आहे, एक एक ओळ, टोकापासून टोकापर्यंत सरळ. आणि आता ते कधीच जमणार नाही अशी भीती, ताई, मला जूनपासून रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी वाटते.

पंडित